एकाच उंचीचे नायक

माझिंगा झेड १८ मीटर उंच. गेटर रोबो ३८ मीटर. गंडम पुन्हा १८ मीटर, आणि त्याच्या वजनाचा हिशेब टनाच्या दशांशापर्यंत दिलेला: रिकामा असताना ४३.४. इडिऑन तर १०५ मीटर. जपानी टीव्हीवरचे हे लोखंडी वीर वर्षानुवर्षं आपापल्या मालिकेत लढत राहिले. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. या सगळ्यांना एका मैदानात उतरवायचं म्हटलं, तर कथा सुचण्याच्या आधी मापाची अडचण उभी राहते. ३८ मीटरवाल्याच्या शेजारी १८ मीटरवाला उभा केला की न लढताच एक जण नायक ठरतो आणि दुसरा त्याचा धाकटा भाऊ.

ही अडचण सोडवली एका खिशातल्या यंत्राने. २० एप्रिल १९९१ रोजी बानप्रेस्टो या कंपनीने निन्टेन्डोच्या गेम बॉयसाठी ‘सुपर रोबो ताइसेन’ नावाचं कार्ट्रिज बाजारात आणलं. ताइसेन म्हणजे महायुद्ध. खेळ प्रत्यक्ष घडवला तो विंकीसॉफ्टने. माझिंगा, गेटर आणि गंडम या तिन्ही घराण्यांचे रोबो त्यात एकत्र होते, आणि सगळे एकाच उंचीचे: मोठं डोकं, आखूड हातपाय. वेगवेगळ्या कथांमधली, वेगवेगळ्या मालकांची पात्रं एका पटावर आणायची, पाळीपाळीने चाली खेळायच्या आणि लढाईगणिक पात्रांची ताकद वाढवत न्यायची, असे ‘क्रॉसओव्हर’ रोल-प्लेइंग खेळ जपानमध्ये नंतर बरेच निघाले. त्यांतल्या एका मोठ्या शाखेचा मूळपुरुष हे कार्ट्रिज. २०१२ साली निन्टेन्डो ३डीएसवर आलेला ‘प्रोजेक्ट क्रॉस झोन’ हा याच शाखेतला गर्दीचा वंशज. इंग्रजी नावात एक्स लिहितात. जपानीत तो ‘क्रॉस’ असाच वाचतात.

मूळपुरुषालाही पूर्वज असतात. तोएई ही चित्रपट कंपनी शाळांच्या सुट्ट्या साधून मुलांसाठी ‘मांगा मात्सुरी’ भरवायची. मात्सुरी म्हणजे जत्रा. एकाच तिकिटात अनेक छोटे चित्रपट दाखवायचे. १९७३च्या जुलैत या जत्रेत ‘माझिंगा झेड विरुद्ध डेव्हिलमन’ लागला. माझिंगाची मालिका तेव्हा टीव्हीवर जोरात होती, डेव्हिलमनची त्याच वसंतात संपली होती. दोन्ही पात्रं चित्रकार गो नागाई यांची आणि दोन्ही मालिका तोएईच्याच. त्यामुळे परवानगी मागायला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. १९७५च्या मार्चमध्ये ‘ग्रेट माझिंगा विरुद्ध गेटर रोबो’ आला. गेटरची निर्मिती नागाई आणि केन इशिकावा या दोघांची. या चित्रपटांच्या नावात ‘विरुद्ध’ असतं खरं, पण त्यावर विसंबू नये. थोडी धुसफूस, थोडी खुन्नस, आणि मग दोघे मिळून तिसऱ्यालाच बदडतात. १९७५च्या चित्रपटातला तो तिसरा म्हणजे गिलगिलगान नावाचा धातू खाणारा राक्षस. १९९१च्या गेम बॉय खेळातला शेवटचा शत्रू कोण? हाच गिलगिलगान. खेळ करणाऱ्यांनी आपली वंशावळ लपवली नव्हती.

गंडमचं मात्र वेगळं होतं. योशियुकी तोमिनो यांची ही मालिका एप्रिल १९७९मध्ये सुरू झाली. तिचे हक्क सनराइज या दुसऱ्याच स्टुडिओकडे होते आणि स्वभावही निराळा होता. माझिंगाच्या जगात रोबो म्हणजे न्यायासाठी उभा ठाकलेला लोखंडी देव. गंडमच्या जगात तो कारखान्यात बनलेलं युद्धसाहित्य: इंधन संपतं, सुटे भाग लागतात, आणि शत्रूच्या गोटातही पोटापाण्यासाठी लढणारी माणसं असतात. पहिल्यांदा प्रेक्षक मिळेनात म्हणून मालिका ४३ भागांत गुंडाळावी लागली. तिला खरं वर आणलं ते पुनःप्रक्षेपणांनी आणि १९८०च्या जुलैपासून बांदाईने विकलेल्या जोडायच्या प्लास्टिक प्रतिकृतींनी. माझिंगाचीही तीच गत. बांदाईच्याच पोपी या उपकंपनीने १९७४मध्ये त्याची जड, धातूची बाहुली ‘चोगोकिन’ या नावाने काढली, आणि पुढे जपानमध्ये धातूच्या रोबो-खेळण्यांची ती ओळखच होऊन बसली. पडद्यावर या दोघांची भेट होणं कठीण, पण खेळण्यांच्या दुकानात ते एकाच कंपनीच्या खोक्यांतून शेजारी बसले होते. मला वाटतं, या कुळाचा खरा पाया दुकानाच्या त्या फळीत आहे. लेखकांनी जे जोडलं त्याच्या आधी विक्रेत्यांनी जोडलं होतं.

आता त्या मोठ्या डोक्यांकडे येऊ. १९८०च्या दशकाच्या मध्यावर बांदाईने नाणं टाकून कळ फिरवायच्या यंत्रांमधून चिमुकले रबरी गंडम विकायला काढले. जपानीत या यंत्रांना गाशापोन म्हणतात. बोटाच्या पेराएवढी बाहुली, त्यात सरळ प्रमाणात रोबो घडवला तर चेहरा दिसणार नाही. म्हणून डोकं फुगवलं, धड आखडलं. या शैलीला ‘सुपर डिफॉर्म्ड’ किंवा नुसतं एसडी म्हणू लागले. स्वस्त, गोंडस, आणि गोळा करण्याचा नाद लावणारं. पण या शैलीत एक गुण असा होता जो तिच्या जन्मदात्यांच्याही मनात बहुधा नसावा. एसडीमध्ये कुणालाच खरी उंची उरत नाही.

तो गुण पुरेपूर वापरला बानप्रेस्टोने. ही कंपनी मूळची कोरलँड. बर्फाचे ठोकळे ढकलणाऱ्या पेंग्विनचा १९८२चा ‘पेंगो’ हा आर्केड खेळ तिनेच सेगासाठी केलेला. १९८९मध्ये ती बांदाईच्या छत्राखाली आली आणि तिचं बारसं झालं. नव्या नावाने तिने काढलेल्या सुरुवातीच्या खेळांत १९९०चा, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावरचा एक कुस्तीचा खेळ आहे. सुमोच्या रिंगणात एकीकडे अल्ट्रामन, दुसरीकडे कामेन रायडर, तिसरीकडे गंडम. अल्ट्रामन टीव्हीवर ४० मीटरचा. कामेन रायडर तुमच्या-आमच्याएवढा माणूस, मोटारसायकलवर फिरणारा. एसडीच्या कृपेने दोघे एकमेकांच्या कमरपट्ट्याला हात घालतात आणि बघणाऱ्या पोराला त्यात काही वावगं वाटत नाही. खेळ म्हणून तो किरकोळच. पण तीन वेगळ्या मालकांची माणसं एका चित्रात बसवता येतात आणि त्यावर करारही होतो, हे त्याने दाखवून दिलं.

मग ही युक्ती हातातल्या यंत्रावर का फळली? गेम बॉय हे गुनपेई योकोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८९चं अपत्य. जुनं, स्वस्त, पक्कं तंत्र घ्यायचं आणि त्याचा नवा वापर शोधायचा, हा योकोईंचा खाक्या. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, रंग म्हणाल तर हिरवट करड्याच्या चार छटा, मागून उजेड नाही. चित्र झपाट्याने हललं की पडद्यावर त्याचा डाग ओढल्यासारखा माग राहायचा. अशा पडद्यावर पळापळीचा खेळ डोळ्यांना जाच. पण मोहरा उचलावा, चार घरं पुढे ठेवावा, विचार करावा, असा पटावरचा खेळ मात्र ठाकठीक. त्या प्रकारचा नमुनाही समोर होता. नेमकं एक वर्ष आधी, २० एप्रिल १९९० रोजी, फॅमिकॉमवर ‘फायर एम्ब्लेम’ आला होता. प्रत्येक सैनिकाला नाव, चेहरा आणि अनुभवाने वाढणारी ताकद असलेला युद्धपट म्हणजे काय, हे त्याने जपानी खेळाडूंना शिकवलं. शिवाय पटावर एका रोबोला एकच घर मिळतं. १६ पिक्सेलच्या घरात १८ मीटर आणि ३८ मीटर हा भेद दाखवायला जागाच कुठे आहे? पडद्याच्या गरिबीने सगळ्यांना सारखं केलं.

त्या पहिल्या खेळात एक गंमत आहे. त्यात माणसंच नाहीत. रोबो स्वतःच बोलतात, स्वतःच रागावतात, आणि करिष्मा नावाचा गुण पुरेसा असेल तर शत्रूकडच्या रोबोला चार शब्द सांगून आपल्या बाजूला वळवता येतं. गंडम बघितलेल्या कुणालाही हे चमत्कारिक वाटेल, कारण त्या मालिकेचा सगळा जीव चालकांच्या मनात आहे. ही उणीव लगेच भरून निघाली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला फॅमिकॉमवर दुसरा ‘सुपर रोबो ताइसेन’ आला आणि त्यात चालक आले: माझिंगाचा कोजी काबुतो, गंडमचा आमुरो रे. आणि त्यांच्यासोबत दोन अनोळखी तरुण. सायबस्टर हा वाऱ्याचा रोबो चालवणारा मासाकी आंदो आणि ग्रान्झोन चालवणारा गूढ शास्त्रज्ञ शू शिराकावा. हे दोघे कुठल्याच मालिकेतले नव्हते. ते बानप्रेस्टोच्या घरचे.

माझ्या मते या कुळातला सर्वांत मोठा शोध हाच. दोन मातब्बर घराण्यांचं लग्न काढलं की मानपान सांभाळायला मध्ये घरचा एक माणूस लागतो: सगळ्यांना ओळखणारा, कुणालाच न दुखावणारा, आणि वेळ पडली तर स्वतःवर कमीपणा घेणारा. पाहुण्या नायकाला तुम्ही मूर्ख ठरवू शकत नाही, फितूर करू शकत नाही, कायमचं मारू तर मुळीच शकत नाही, कारण त्याचा मालक दुसरा आहे. घरच्या पात्राचं तसं नाही. त्याला हरवा, फसवा, खलनायक करा, कुणाचं पत्र येणार नाही. वेगवेगळ्या जगांना जोडणारी दारं उघडणं, कुणी कुणाशी का लढायचं याची कारणं पुरवणं, ही सगळी ओझी घरच्या पात्रांनी वाहायची, म्हणजे पाहुणे स्वच्छ राहतात. या मालिकेचे पुढचे जवळजवळ सगळे खेळ याच पायावर उभे आहेत.

उंचीचा प्रश्न चित्राने सुटला, तरी बळाचा राहिलाच. आकाशातून येणारा देव आणि कारखान्यातलं यंत्र यांना एकाच तागडीत कसं घालायचं? उत्तर सापडलं आकडेमोडीत. माझिंगासारख्या ‘सुपर रोबो’ना जाड चिलखत आणि दणकट मार दिला, पण हालचाल सुस्त. गंडमसारख्या ‘रियल रोबो’ना चिलखत पातळ, पण शत्रूचा वार चुकवण्याची शक्यता मोठी. एक जण दहा वार अंगावर झेलून उभा राहतो, दुसऱ्याला दहापैकी नऊ लागतच नाहीत. म्हणजे दोन कथाप्रकारांच्या दोन वृत्ती होत्या, त्या शेकडेवारीत उतरल्या आणि खेळणाऱ्याच्या अंगात मुरल्या. समीक्षकांनी दहा पानं लिहूनही जो फरक गळी उतरला नसता तो इथे एका चुकलेल्या वाराने कळतो. त्यातच चालकांच्या मनोबलाची जोड दिली. कुणाकडे ‘अचूक नेम’, कुणाकडे ‘दुप्पट जोर’ अशी मनाची अस्त्रं. ती वापरून पाळी फिरवायची. १९९०च्या दशकापासून निर्माते ताकानोबु तेरादा हे या मालिकेचा चेहरा बनले आणि दर खेळाला पाहुण्यांची यादी लांबत गेली.

यादी लांबली तसे करारही वाढले. प्रत्येक मालिकेचा मालक वेगळा, काहींचे परदेशातले हक्क आणखी तिसऱ्याकडे. जपानबाहेर हे खेळ काढणं म्हणजे प्रत्येक पाहुण्यासाठी नवा कागद. परिणामी वर्षानुवर्षं ही मालिका जपानच्या आतच राहिली. २००२मध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवर ‘ओरिजिनल जनरेशन’ आला. त्यात पाहुणे एकही नव्हते; आजवर मधली कामं करणारी घरची पात्रंच तेवढी गोळा केलेली. नेमका हाच खेळ २००६मध्ये अॅटलस या कंपनीने इंग्रजीत अमेरिकेला नेला. पाहुण्यांच्या जिवावर मोठ्या झालेल्या मालिकेतून परदेशी आधी पोचले ते यजमान.

इथून कुळाला दुसरी फांदी फुटते, आणि तीही हातातल्याच यंत्रावर. योकोईंनी १९९६मध्ये निन्टेन्डो सोडली आणि बांदाईसाठी वंडरस्वान या नव्या यंत्राच्या आराखड्याला हातभार लावला. १९९७मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. यंत्र १९९९च्या मार्चमध्ये बाजारात आलं. त्याच वर्षी त्यावर ‘सुपर रोबो ताइसेन कॉम्पॅक्ट’ आला, आणि २०००-०१मध्ये तीन कार्ट्रिजांत विभागलेला ‘कॉम्पॅक्ट २’. या दुसऱ्यात घरची नवी जोडी होती: घुमा, जुगारी वृत्तीचा क्योसुके नानबु आणि अखंड थट्टा करणारी एक्सेलेन ब्राउनिंग. या खेळांवर काम करणाऱ्यांत सोइचिरो मोरिझुमी होते. पुढे ते मोनोलिथ सॉफ्टमध्ये गेले. ‘झेनोगिअर्स’ हा खेळ करणारे तेत्सुया ताकाहाशी यांनी १९९९मध्ये नाम्को या खेळ-कंपनीच्या पाठबळावर काढलेला हा स्टुडिओ. नाम्कोनेही २००२मध्ये वंडरस्वान कलरवर ‘नाम्को सुपर वॉर्स’ या नावाने आपल्याच जुन्या पात्रांचा मेळा भरवून पाहिला होता.

मोरिझुमींनी रोबो बाजूला ठेवले आणि पाहुणे बदलले. २००५च्या मे महिन्यात प्लेस्टेशन २वर ‘नाम्को क्रॉस कॅपकॉम’ आला: दोन प्रतिस्पर्धी खेळ-कंपन्यांची, शत्रू धरून दोनशेच्या वर पात्रं. यजमान जोडी रेइजी आरिसु आणि शाओमु. घुमा पुरुष आणि थट्टेखोर बाई, म्हणजे क्योसुके-एक्सेलेनचीच आवृत्ती. शाओमु ही कोल्ह्याचा आत्मा असलेली बाई, वय ७६५ वर्षं. जपानीत सात-सहा-पाच हे आकडे ‘ना-मु-को’ असे वाचता येतात. मालकाला सलाम ठोकायची ही रीत मला आवडते. पटावरची चाल तीच, पण प्रत्यक्ष वार करताना खेळाडूने योग्य क्षणी कळा दाबायच्या. ‘स्ट्रीट फायटर’ या मारामारीच्या खेळातला र्यू पटावर सोंगटीसारखा सरकून आकडे मोजत बसला असता तर तो र्यू वाटला नसता. तो हाताच्या चपळाईचा माणूस. म्हणून चपळाई परत आणली. हा खेळ जपानबाहेर निघालाच नाही.

पुढची सात वर्षं कंपन्यांच्या घरोब्यांची आहेत. २००५च्या सप्टेंबरात बांदाई आणि नाम्को एक झाल्या. २००७मध्ये मोनोलिथ सॉफ्टचा ताबा निन्टेन्डोकडे गेला. २००८मध्ये बानप्रेस्टोचा खेळ-विभाग नाम्को बांदाईत विरला. त्याच वर्षी निन्टेन्डो डीएसवर मोरिझुमींचा ‘एंडलेस फ्रंटिअर’ आला. सुपर रोबो ताइसेनचंच नाव लावणारा, पण रोबोंऐवजी माणसं पायी हिंडवणारा खेळ. नाम्कोच्या ‘झेनोसागा’तली कोस-मोस त्यात पाहुणी आहे. दोन फांद्यांची गाठ इथे पडली.

आणि ११ ऑक्टोबर २०१२ला ‘प्रोजेक्ट क्रॉस झोन’. निन्टेन्डोच्या मालकीच्या स्टुडिओने, नाम्को बांदाईसाठी, सेगा आणि कॅपकॉमची पात्रं घेऊन केलेला खेळ. १९९०च्या आसपास सेगा आणि निन्टेन्डो एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी होते, हे लक्षात घेतलं की यातली गंमत कळते. पात्रं जोडीजोडीने चालतात: र्यू आणि केन, ‘रेसिडेंट ईव्हिल’चे क्रिस आणि जिल, ‘व्हर्चुआ फायटर’चे अकिरा आणि पाई, ‘साकुरा वॉर्स’चे ओगामी आणि साकुरा. काही जोड्या मुद्दाम विजोड: ‘डेव्हिल मे क्राय’च्या दान्तेला ‘डार्कस्टॉकर्स’चा रक्तपिपासू डेमित्री. यजमान म्हणून गुप्तहेर कोगोरो तेन्झाई आणि त्याची शिष्या मिई कोर्युजी. मिईच्या घरातला जादूचा दगड चोरीला जातो आणि जगांमधली दारं उघडतात. लढाईतली खुबी अशी की जोडीचा आणि मदतनिसाचा वार एकाच क्षणी लागला तर शत्रू हवेत अडकतो. तो खाली पडू न देता मारत राहणं हीच मजा. कथेबद्दल मात्र चांगलं बोलवत नाही. प्रत्येक प्रकरणात कुणीतरी विचारतं, आपण कुठे आलो? आणि प्रत्येकाला आपली एक ओळ म्हणायचीच असते. चाळिसाव्या प्रकरणापर्यंत ही ओळखपरेड संपत नाही. हक्कांच्या कागदावर जितकी नावं, तितके संवाद; हा आजार या कुळात जन्मजात आहे आणि इथे तो बळावला. तरीही २०१३च्या उन्हाळ्यात तो इंग्रजीत अमेरिका-युरोपात पोचला, हे ‘नाम्को क्रॉस कॅपकॉम’ला न जमलेलं काम.

२०१५च्या नोव्हेंबरात दुसरा भाग आला. तो पहिल्यापेक्षा आटोपशीर आणि बरा. त्यात निन्टेन्डोनेही आपली पात्रं दिली: ‘झेनोब्लेड’ची फिओरा, आणि ‘फायर एम्ब्लेम’मधले क्रोम आणि लुसिना. ज्या खेळाने या कुळाला पट दिला, त्याचे वारस पंचवीस वर्षांनी त्याच पटावर पाहुणे म्हणून बसले. रोबोंची थोरली फांदीही थांबलेली नाही. २०२१मध्ये तिशीनिमित्त ‘सुपर रोबो वॉर्स ३०’ निघाला आणि तो स्टीम या ऑनलाइन दुकानातून जपानबाहेरही विकला गेला.

यातलं काही खेळून बघायचं असेल तर घाई केलेली बरी. पात्रं अनेक मालकांची असली की पुन्हा प्रकाशन म्हणजे पुन्हा सगळे करार, आणि ‘प्रोजेक्ट क्रॉस झोन’च्या वाट्याला ते आलेलं नाही. ३डीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ला खरेदीसाठी बंद झालं. उरला जुन्या कार्ट्रिजांचा बाजार. तिथे एक काळजी घ्या: ३डीएसला प्रदेशाचं कुलूप असतं, जपानी कार्ट्रिज अमेरिकी किंवा युरोपी यंत्रात चालत नाही. इंग्रजी ‘ओरिजिनल जनरेशन’ आणि ‘एंडलेस फ्रंटिअर’ यांना ते कुलूप नाही. गेम बॉय अॅडव्हान्स आणि डीएस कुठल्याही देशातलं असो, ही कार्ट्रिजं त्यात चालतात, आणि सुरुवात करायला ‘ओरिजिनल जनरेशन’च घ्या.